क्रम की जागा? उघड्या खिडक्यांविषयी

संगणकाच्या पडद्यावर चार-पाच खिडक्या उघड्या असताना एकीतून दुसरीत कसे जावे, हा साहित्याच्या अभ्यासकांनी चर्चेला घ्यावा असा विषय आहे काय? बरीच वर्षे माझे उत्तर नकारार्थी होते. हा तंत्रज्ञांचा प्रांत. आपण आपली संहिता पाहावी, एवढेच मला वाटत असे. पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना आलेल्या एका अनुभवाने हे मत बदलले. तो अनुभव पुढे सांगणारच आहे, कारण त्यात चूक माझी होती. पण त्याआधी ज्या समजुतीमुळे ती चूक घडली, तिची चिकित्सा करणे आवश्यक आहे.

ती समजूत अशी : कळफलकाने काम करतो तो जाणता आणि माउसने करतो तो नवखा. संगणकाशी थोडीबहुत सलगी असलेल्या मंडळींत ही समजूत इतकी मुरलेली असते की, तिला कोणी प्रमाण मागत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांत तर ती अधिकच आढळते. 'माउसला हात लावावा लागत नाही' हे तेथे प्रशंसेचे वाक्य असते. मीही ते अनेकदा कौतुकाने उच्चारले आहे. माझे आजचे म्हणणे असे की, पाठांची तुलना करणाऱ्या वाचकाच्या बाबतीत ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे पाहू गेलो, तर आपण कसे वाचतो याविषयी काही हाती लागते.

आमच्या वर्गातला स्वाध्याय साधा होता. ज्ञानेश्वरीच्या एका अध्यायातील काही ओव्या घ्यायच्या आणि राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतीतील पाठ, साखरे महाराजांच्या सांप्रदायिक प्रतीतील पाठ असे दोन्ही समोर ठेवून भेद टिपायचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ही परंपरा विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण 'पाठभेद' हा शब्द परीक्षेपुरता पाठ करणे निराळे आणि एका प्रत्ययाच्या फरकापाशी अडखळून थांबणे निराळे. या कामासाठी पडद्यावर किमान चार खिडक्या लागतात. दोन प्रतींच्या छायाप्रतींच्या दोन, शब्दकोशाची एक आणि आपल्या टिपणाची एक. शब्दकोशांची सोय आज चांगली आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत पाहायला मिळतात. म्हणजे साधनांची वानवा नाही. अडचण येते ती एका साधनाकडून दुसऱ्याकडे जाताना.

कळफलकाचा प्रसिद्ध उपाय म्हणजे ऑल्ट आणि टॅब या कळा एकत्र दाबणे. या उपायामागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. संगणक खिडक्यांची एक यादी ठेवतो आणि ती कालक्रमानुसार असते. जी खिडकी सर्वांत अलीकडे वापरली ती पहिली, तिच्या आधीची दुसरी, याप्रमाणे. एकदा कळ दाबली की आपण नुकत्याच सोडलेल्या खिडकीत परततो. दोनच खिडक्यांत ये-जा करायची असेल तर यापरते सोयीचे काही नाही. लेख लिहिताना एखादा संदर्भ पाहून परत यायचे, तर मीही हेच करतो.

पण तीन खिडक्यांत फिरायचे म्हटले की हिशेब बिघडतो. राजवाडे प्रतीतून साखरे प्रतीत, तेथून टिपणात आणि टिपणातून पुन्हा राजवाडे प्रतीत, अशी फेरी घ्यायची झाली तर जिथे जायचे ती खिडकी नेहमीच यादीत मागे पडलेली असते, कारण तिला भेट देऊन सर्वांत जास्त वेळ लोटलेला असतो. मध्येच शब्दकोश उघडला की ही यादी पुन्हा हलते. परिणामी आपण ओवीकडे पाहायच्या ऐवजी 'आत्ता यादीत काय कितवे असेल' याचा विचार करू लागतो. पाठभेदावर एकाग्र झालेले मन त्या क्षणी सुटते. सुटलेले मन परत आणायला किती वेळ लागतो, हे प्रत संपादनाचे काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

याउलट पडद्याच्या तळाशी असलेली खिडक्यांच्या नावांची पट्टी घ्या. तिच्यात खिडक्या ज्या क्रमाने उघडल्या त्या क्रमाने बसतात आणि सहसा तेथेच राहतात. डावीकडून पहिली राजवाडे, दुसरी साखरे, तिसरा कोश, चौथे टिपण. दहा मिनिटांत हात ती जागा शिकतो आणि मग नाव वाचावेही लागत नाही. इथे आठवण कालाची नसून स्थळाची असते. वाचकाची स्मृती मुळात स्थळाची आहे, असे मला अनुभवाने वाटते. 'ते वाक्य डाव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत आहे' असे आपण सहज सांगतो. पुस्तक हाती घेतले की बोटे अदमासाने त्या पानाच्या आसपास पोचतात. 'मी आज वाचलेल्या पानांपैकी ते शेवटून चौथे होते' असे मात्र कोणी सांगत नाही.

पाठचिकित्सेच्या परंपरेत या स्थळस्मृतीचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले गेले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आठवावे. तेथे पाठ ताडून पाहण्यासाठी आखलेले कागद वापरले जात. वरच्या ओळीत प्रचलित पाठ अक्षराअक्षराने चौकोनांत मांडायचा आणि त्याच्या खाली एकेका हस्तलिखितातील भिन्न पाठ त्या त्या अक्षराच्या रकान्यात नोंदवायचा. वि. स. सुखठणकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत या पद्धतीचे वर्णन केले आहे. या कागदाची खुबी अशी की, कोणत्या हस्तलिखिताची नोंद आधी केली आणि कोणत्याची नंतर, याला काही महत्त्व उरत नाही. महत्त्व उरते ते जागेला. प्रत्येक पाठाला घर मिळते आणि नजर वरून खाली उतरली की भेद आपोआप दिसतो. आपण पडद्यावर खिडक्या मांडतो तेव्हा, कळत वा नकळत, असाच एक कागद आखत असतो.

आता यावर कोणी म्हणेल की, खिडक्यांच्या नावांची पट्टी जुनी झाली. आजकाल सर्व खिडक्यांची लहान चित्रे एकदम पडद्यावर पसरतात आणि हवी ती निवडता येते. ही पद्धत अविचारी नाही. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली, तेव्हा तिच्या मूळ मांडणीतून तळाची पट्टी गेली आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात पॉइंटर नेला की सर्व खिडक्या दिसाव्यात अशी योजना आली. कोपरा निवडण्यामागेही कारण आहे. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते चटकन गाठता येते, हा पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम. पडद्याच्या कोपऱ्यात पॉइंटर आपोआप अडतो, तेव्हा तिथे नेम धरावा लागत नाही. हात सैल सोडून ढकलला तरी पुरते. ज्याच्या खिडक्यांत एक छायाचित्र, एक पत्र आणि एक आलेख आहे, त्याला ही चित्रे पाहताक्षणी ओळखू येतात.

आमच्या खिडक्यांची गोष्ट निराळी पडते. एकाच ग्रंथाच्या दोन जुन्या छापील प्रतींची पाने लहान केली की ती जुळ्या भावंडांसारखी दिसतात. पिवळट कागद, मधोमध ओव्यांचे ठोकळे, वर पृष्ठांक. जो भेद शोधायला आपण बसलो आहोत तो अक्षराएवढा बारीक आहे आणि त्या आकारात अक्षरच दिसत नाही. येथे चित्रापेक्षा नाव उपयोगी पडते. ग्नोमच्या त्या मांडणीत ऑल्ट-टॅबही खिडकीगणिक न चालता अनुप्रयोगागणिक चालू लागले. म्हणजे दोन्ही प्रती एकाच वाचकप्रणालीत उघडल्या असतील तर त्या एक नग मोजल्या जातात आणि त्यांच्यात फिरायला टॅबच्या वरची निराळी कळ लागते. संपादकाच्या दृष्टीने ज्या दोन वस्तू सर्वांत भिन्न राहायला हव्यात, त्याच एकत्र बांधल्या जातात. यात कोणाचा दोष नाही. ती मांडणी करणाऱ्यांसमोर जो वापरणारा होता, तो पाठचिकित्सक नव्हता, इतकेच.

नावाची पट्टी वापरायची तर नावे नीट द्यावी लागतात, हेही ओघाने आलेच. पट्टीत जागा थोडी असते आणि लांब नावाचा शेपटाकडचा भाग कापला जातो. विद्यार्थी आपल्या धारिकांना 'ज्ञानेश्वरी राजवाडे', 'ज्ञानेश्वरी साखरे' अशी नावे देतात आणि पट्टीत 'ज्ञानेश्व…' असे दोनदा उमटते. भेदक शब्द आधी लिहावा : 'राजवाडे ज्ञानेश्वरी', 'साखरे ज्ञानेश्वरी'. हस्तलिखितांना संपादक लहानशी संकेतचिन्हे देतात ती याच गरजेतून. ही एवढी गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा संकेतचिन्हांचे प्रयोजन विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा लवकर उमगले.

लिनक्सविषयी बोलायचे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिनक्स हे मुळात प्रणालीच्या गाभ्याचे नाव. खिडक्यांशी त्याचा थेट संबंध नाही. त्यावर दीर्घकाळ खिडक्यांची व्यवस्था पाहिली ती एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने. तिच्या कर्त्यांनी एक पथ्य पाळले : साधन पुरवायचे, धोरण लादायचे नाही. खिडकीला कड कशी असावी, कोणती वर यावी, टंकलेली अक्षरे कोणत्या खिडकीत जावीत, हे ठरवण्याचे काम त्यांनी विंडो मॅनेजर नावाच्या वेगळ्या कार्यक्रमावर सोपवले आणि तो कार्यक्रम कोणता घ्यावा हे वापरणाऱ्यावर. एक्सची जागा आज अनेक ठिकाणी वेलँडने घेतली असली, तरी निवडीची ही मुभा प्रमुख डेस्कटॉपांत बऱ्याच अंशी टिकून आहे.

या मुभेमुळे आपल्याला एक भेद करता येतो, जो एरवी लक्षातही येत नाही. खिडकीवर क्लिक केले की दोन गोष्टी एकदम घडतात : ती खिडकी वर येते आणि लेखणीही तिच्या हाती जाते. आपल्याला या दोन गोष्टी एकच वाटतात, कारण त्या नेहमी जोडीने घडताना पाहिल्या आहेत. लिनक्सवर त्या वेगळ्या करता येतात. केडीईच्या रचनापटावर किंवा ग्नोमच्या पूरक रचनासाधनात 'पॉइंटर जाईल तेथे लेखणी' असा पर्याय निवडता येतो. मग पॉइंटर नुसता टिपणाच्या खिडकीवर नेला की टंकलेखन तिच्यात होऊ लागते, आणि ती वर मात्र येत नाही. राजवाडे प्रतीचे पान वर पूर्ण दिसत राहते, टिपणाची केवळ खालची पट्टी उघडी असते आणि तीत लिहिणे चालू असते. मूळ पोथी समोर ठेवून मांडीवरच्या कागदावर नक्कल करणाऱ्या लेखकूची बैठक याहून फार वेगळी नव्हती. पोथीवरून नजर हटू नये म्हणून त्याने कागद पोथीवर ठेवला नाही. आपण मात्र क्लिकागणिक कागद पोथीवर ठेवतो.

या सोयीला धोकाही आहे. कोपराचा धक्का लागून पॉइंटर सरकला तर वाक्याचा उत्तरार्ध भलत्याच खिडकीत उमटतो. माझ्या एका टिपणातील अर्धी ओवी एकदा शब्दकोशाच्या शोधचौकटीत सापडली होती. तेव्हा ही पद्धत सर्वांनी स्वीकारावी असा माझा आग्रह नाही. ती अस्तित्वात आहे हे माहीत असावे, एवढा मात्र आहे.

मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत माउसच्या बाजूने आणखी एक कारण आहे. आपला कळफलक आधीच एका फेरबदलाचे ओझे वाहत असतो. मराठी मजकुरात रोमन अक्षरांतील एखादा दुवा किंवा शोधशब्द आला की आपण भाषा बदलतो आणि पुन्हा मराठीत येतो. एका पानात असे अनेकदा घडते. पुष्कळांनी या बदलासाठी ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी ठरवलेली असते. इकडे ऑल्ट-टॅबने पुढे गेलेल्याला मागे यायचे तर ऑल्ट-शिफ्ट-टॅब दाबावे लागते. दोन्ही प्रवास एकाच चौकातून जातात. खिडकी बदलायला जावे तर भाषा बदलते आणि इन्स्क्रिप्टमध्ये लिहिताना अकस्मात रोमन अक्षरांची रांग उमटते. वेगळ्या कळा ठरवून यातून वाट काढता येते, हे खरे. पण भाषेचा बदल डाव्या हाताकडे आणि खिडकीचा बदल उजव्या हाताकडे, अशी कामाची वाटणी केली तर गोंधळाचे मूळच उरत नाही. दोन लिप्यांत वावरणाऱ्याला माउस हे कुबडीसारखे वाटण्याचे कारण नाही. त्याला तो मोकळा दुसरा हात आहे.

आता तो प्रसंग. वर्गात एक विद्यार्थी होता. लहानपणीच्या एका दुखापतीमुळे त्याच्या डाव्या हाताची बोटे पुरती उघडत नाहीत. टंकलेखन तो सावकाश पण नेमके करतो. तळाची पट्टी वापरून उजव्या हाताने माउस चालवीत त्याने पहिल्या सत्रातला स्वाध्याय वर्गात सर्वांत आधी पुरा केला होता. दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या संगणक कक्षात प्रणालीची नवी मांडणी आली आणि ती पट्टी दिसेनाशी झाली. दुसऱ्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मला आता खिडक्या सापडत नाहीत." मी हसून म्हणालो, "अरे, ऑल्ट-टॅब वापर. होईल सवय."

तो काही बोलला नाही. पुढचे तीन आठवडे त्याची टिपणे तुटपुंजी येत गेली आणि मी मनाशी नोंद केली की मुलाचा उत्साह ओसरला. एके दिवशी त्याच्या मागे उभा राहून पाहिले तेव्हा लक्षात आले. ऑल्ट आणि टॅब या दोन्ही कळा डाव्या हाताखालच्या. तो उजवा हात माउसवरून उचलून कळफलकाच्या डाव्या टोकाला नेत होता, कळा दाबत होता, पुन्हा माउसकडे येत होता. एका ओवीला आठ-दहा वेळा. कक्षातल्या साहाय्यकांना विचारले तर त्यांनी एक पूरक जोडणी सुरू करून दिली आणि पट्टी परत आली. या सगळ्याला दहा मिनिटे लागली. तीन आठवडे वाया गेले ते माझ्या एका वाक्याने.

'होईल सवय' हे वाक्य आपण शिक्षक फार सहज उच्चारतो. अवघड संहितेसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला ते सांगण्यात तथ्य असते, कारण संहितेचा अवघडपणा हा तिच्या आशयाचा भाग असतो आणि त्याच्याशी झुंजण्यातच शिक्षण असते. ज्ञानेश्वरीची भाषा आजच्या मराठीसारखी करून टाका, असे आपण म्हणणार नाही. साधनाचा अवघडपणा मात्र असा नसतो. तो कोणीतरी, कोणासाठी तरी घेतलेला निर्णय असतो आणि बदलता येतो. या दोहोंतला फरक न ओळखणे ही माझी चूक होती. आणि ती तांत्रिक अज्ञानातून आलेली नव्हती. मला तो पर्याय शोधता आला असता. मी शोधला नाही, कारण माउस वापरणे हे कच्चेपणाचे लक्षण, ही समजूत माझ्या मनात पक्की बसली होती. त्या मुलाचा हात मला दिसत होता. दिसला नाही तो त्याच्या वाचनाचा मार्ग.

माउस आणि कळा यांचे वैर मुळातलेही नाही. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचे एक वेगळे लहान साधन. दोन हातांनी दोन कामे करावीत, ही कल्पना तेथेच होती. जाणता आणि नवखा अशी विभागणी पुढच्यांनी केली. माउसने मनगट दुखते, हेही मी जाणतो. ज्याला तो त्रास आहे त्याने कळाच वापराव्यात. माझे म्हणणे प्रत्येकाने माउसच वापरावा असे नसून, प्रत्येकाला आपली रीत निवडता यावी आणि त्या निवडीवरून त्याची योग्यता ठरवली जाऊ नये, असे आहे.

म्हणून या वर्षीपासून पाठचिकित्सेच्या पहिल्या तासिकेला मी हस्तलिखितांच्या वंशवृक्षाने सुरुवात करीत नाही. संगणक कक्षात बसून प्रत्येकाने आपला पडदा आधी मांडायचा : कोणती प्रत डावीकडे, कोणती उजवीकडे, कोश कोठे, टिपण कोठे, नावे काय द्यायची, एकातून दुसऱ्यात कसे जायचे. पट्टीवर क्लिक, पट्टीवर चाक फिरवणे, कोपऱ्यातून सर्व खिडक्या पाहणे, ऑल्ट-टॅब, पॉइंटरबरोबर फिरणारी लेखणी; सर्व करून पाहायचे आणि हाताला व डोळ्याला जे मानवेल ते ठेवायचे. यात तासिकेचा अर्धा वेळ जातो. अभ्यासक्रमात या अर्ध्या तासाला गुण नाहीत. पण त्यानंतर ओव्यांकडे वळलेले विद्यार्थी पडद्याकडे पाहत नाहीत, ओवीकडे पाहतात.

तो विद्यार्थी आता पदवी घेऊन बाहेर पडला आहे. त्याच्या शोधनिबंधिकेत राजवाडे प्रतीतील एका पाठाविषयी मी वर्गात केलेल्या विधानाला त्याने सप्रमाण हरकत घेतली आहे. दोन्ही प्रती पुन्हा शेजारी शेजारी ठेवून मी ती तपासली. हरकत बरोबर आहे.